सिझेरियनसाठी पूर्ण भूल: थायोपेंटोन, प्रोपोफॉल की केटामाइन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही भूलशास्त्र शिकताय. एक वरिष्ठ सांगतात, सिझेरियनला पूर्ण भूल द्यायची तर थायोपेंटोनच. दुसरे म्हणतात, आता प्रोपोफॉलच. रात्रपाळीला असलेले तिसरे सरसकट केटामाइन देतात. यातलं बाळासाठी सगळ्यात सुरक्षित कोणतं, आणि बाळ बाहेर येईपर्यंत डोस जरा हात राखून द्यावा का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण माझा जीव तिथे अडकतो. नाही. हात राखून देऊ नका. गेली चोवीस वर्षं मी प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देते आहे. चुकीचं औषध निवडल्यामुळे झालेलं नुकसान मी क्वचित पाहिलंय. योग्य औषध अपुरं दिल्यामुळे झालेलं नुकसान जास्त वेळा पाहिलंय, आणि ते दरवेळी बाळाच्या काळजीपोटीच झालेलं होतं.

पहिल्या भागाचं उत्तर: तब्येत बरी, बीपी ठीक, रक्तस्राव नाही अशा बाईला मी आज प्रोपोफॉल देते, किलोमागे २ ते २.५ मि.ग्रॅ. रक्तस्रावाने खचलेल्या बाईला केटामाइन, बेतलेल्या डोसात. थायोपेंटोन ज्यांच्या हातात बसलंय त्यांनी ते वापरायला माझी हरकत नाही, फक्त किलोमागे ५ मि.ग्रॅ.च्या खाली उतरू नका. एटोमिडेट हे चौथं झोपवणारं औषध मोजक्या हृदयविकाराच्या रुग्णांसाठी. आता यामागची कारणं.

आज बहुतेक सिझेरियन पाठीतल्या भुलेवर होतात आणि तेच योग्य आहे. त्यामुळे पूर्ण भूल उरते ती कशासाठी? बाळाचे ठोके घसरलेत आणि मिनिटं मोजून आहेत, वार (प्लासेंटा) वेळेआधी सुटलीय, रक्त गोठत नाही, पाठीतली भूल लागलीच नाही किंवा अर्ध्यावर उतरली. म्हणजे ही भूल जवळजवळ नेहमी घाईतली, बरेचदा रात्रीची, आणि दर वर्षी हाताखालून कमी कमी जाणारी. त्यात गरोदरपणाच्या शेवटी फुप्फुसातला राखीव हवेचा साठा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झालेला असतो, ऑक्सिजनची गरज तेवढीच वाढलेली असते, आणि पोटातलं वर येण्याची भीती कायम असते. मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञाने १९४६ साली प्रसूतीच्या वेळी पोटातला ऐवज फुप्फुसात गेलेल्या बायकांबद्दल लिहिलं. तेव्हापासून आपण झटपट भूल, झटपट स्नायू सैल करणारं औषध आणि झटपट श्वासनलिकेत ट्यूब या क्रमाला धरून आहोत. या क्रमात इंडक्शनच्या, म्हणजे सुरुवातीला झोपवण्याच्या, औषधाला एकच संधी मिळते. थोडं द्या, थांबा, पुन्हा द्या, ही सोय नसते. डोस आधी ठरवायचा, वजनावरून, आणि पूर्ण द्यायचा.

थायोपेंटोन १९३४ पासून माणसांत वापरलं जातंय. हाताच्या शिरेतून मेंदूपर्यंत रक्त पोचायला लागतो तेवढ्या वेळात ते बाईला झोपवतं, आणि झोप लागल्याचा क्षण स्पष्ट कळतो. जांभई येते, पापणीला बोट लावलं तर हलत नाही. काही जणी झोपण्याआधी "तोंडात लसणासारखी चव आली" म्हणतात. बाळासाठी त्याचा अनुभव इतक्या दशकांचा आहे की कित्येक वर्षं नव्या औषधाची तुलना त्याच्याशीच व्हायची. मग अडचण कुठे आहे?

अडचण अर्ध्या सिरिंजची आहे. मी शिकत असताना ५०० मि.ग्रॅ.ची बाटली २० मिलीमध्ये विरघळवायची आणि १० मिली द्यायचे, हा पाठ होता. २५० मि.ग्रॅ. बाई पन्नास किलोची असो की नव्वद किलोची. "बाळ सुस्त येईल" हे त्यामागचं कारण. पन्नास किलोला ते ५ मि.ग्रॅ. पडतात, ठीक आहे. ऐंशी किलोला तीन जेमतेम.

तशीच एक ऐंशी किलोची बाई माझ्या हाताखालून गेली. बाळाचे ठोके ऐंशीवर आले होते, सगळे धावत होते. दहा मिली दिले, स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन दिलं, ट्यूब एका प्रयत्नात गेली, बाळ रडलं. मी खूश होते. तिची नाडी १३० वर होती आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं. मी ते टिपलं आणि श्वासावाटे जाणारं वाफेचं भुलेचं औषध वाढवलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती म्हणाली, "मॅडम, बाळ रडलेलं मी ऐकलं. मला वाटलं मी मेलेय, म्हणून हलता येत नाही. पोटात कोणीतरी कपाट आवरल्यासारखं चाललं होतं." बाळ ठणठणीत होतं. दहा मिलीऐवजी सोळा दिले असते तरीही ते ठणठणीतच असतं.

हे एकटीदुकटीचं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या एनएपी-५ या मोठ्या पाहणीचा अहवाल २०१४ साली आला. स्वतःहून सांगितल्या गेलेल्या घटना मोजल्या तर एकूण पूर्ण भुलेत जाग येण्याचं प्रमाण साधारण १९,००० मध्ये एक निघालं, आणि सिझेरियनमध्ये ६७० मध्ये एक. नंतर इंग्लंडमधल्या ७२ रुग्णालयांत प्रसूतीसंबंधी पूर्ण भूल घेतलेल्या ३,११५ बायकांना मुद्दाम विचारलं गेलं, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला तो आकडा होता २५६ मध्ये एक. विचारलं की जास्त सापडतं, हा त्यातला पहिला धडा. दुसरा असा की इंडक्शनला थायोपेंटोन किंवा केटामाइन वापरणं आणि कामाच्या वेळेबाहेरची शस्त्रक्रिया, या दोन्ही गोष्टी जाग येण्याशी जोडलेल्या दिसल्या. माझ्या मते इथे औषधाच्या जातीपेक्षा ते कसं, किती आणि कोणत्या घाईत दिलं जातं याचा वाटा मोठा आहे. पण आकडा आकडा आहे, आणि तो बघून मी माझी सवय बदलली.

आता बाळाचं. आई झोपते तर बाळ का झोपत नाही? ही सगळी औषधं चरबीत विरघळणारी, लहान रेणूंची. वार त्यांना अडवत नाही. थायोपेंटोन अर्ध्या मिनिटात नाळेच्या रक्तात दिसू लागतं. म्हणजे "बाळापर्यंत पोचायच्या आत बाळ काढू" ही शर्यत सुरू व्हायच्या आधीच हरलेली असते. बाळाला वाचवतात त्या दुसऱ्याच गोष्टी. आईच्या शरीरात औषध पटकन स्नायूंत आणि इतर अवयवांत वाटलं जातं, त्यामुळे वारेवर येणाऱ्या रक्तातला जोर मिनिटभरातच उतरू लागतो. बाळाकडे गेलेल्या रक्ताचा बराच भाग आधी त्याच्या यकृतातून जातो. उरलेला पायांकडून आणि आतड्यांकडून परतणाऱ्या रक्तात मिसळून पातळ होतो. मेंदूपर्यंत पोचतं ते पाणी घातलेलं. म्हणूनच नाळेतली पातळी चांगली असूनही बाळ डोळे उघडून रडतं. थायोपेंटोनच्या बाबतीत बाळ सुस्त येण्याची चिंता किलोमागे ८ मि.ग्रॅ.च्या पुढे सुरू होते. पाच आणि आठ यांमध्ये भरपूर जागा आहे. आपण उगाच तीनवर घाबरत बसतो.

बाळाला खरं दमवतं ते आईचं पडलेलं बीपी, तिचा कमी पडलेला ऑक्सिजन, आणि गर्भपिशवीला छेद दिल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत लागलेला वेळ. हा शेवटचा वेळ तीन मिनिटांच्या पुढे गेला की बाळाच्या रक्तातली आम्लता वाढते, मग भूल कोणतीही असो. पूर्ण दिवसांच्या गर्भपिशवीला मिनिटाला साधारण ७०० मिली रक्त जातं, आणि बीपी पडलं तर तो प्रवाह स्वतःला सावरत नाही, सरळ घटतो. आणि अर्धवट झोपलेल्या आईला ट्यूब टाकताना अॅड्रेनलिनचा जो लोंढा सुटतो, तोही गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या आवळतो. म्हणजे डोस राखून बाळाचं भलं करायला जावं तर त्याच्याच वाटेचं रक्त कमी होतं.

प्रोपोफॉलकडे मी वळले त्याचं पहिलं कारण हे की ट्यूब टाकतानाची बीपीची उसळी ते थायोपेंटोनपेक्षा चांगली दाबतं. दुसरं म्हणजे त्यावर माझा आणि माझ्या टीमचा हात रोजचा बसलाय. जे औषध आपण दिवसाला दहा वेळा देतो त्यात रात्री तीन वाजता चूक होण्याची शक्यता कमी. शिवाय ते मिसळावं लागत नाही आणि पांढरंशुभ्र असतं, दुसऱ्या कशाशी गोंधळ होत नाही. तुमचे पहिले वरिष्ठ अपगार (जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दिलेले गुण) कमी येण्याबद्दल सांगत असतील. जुन्या काही अभ्यासांत, विशेषतः २.५ च्या वरच्या डोसात, बाळं पहिल्या मिनिटाला किंचित सुस्त दिसली, हे खरं आहे. नेहमीच्या डोसात मला तो फरक टेबलावर जाणवलेला नाही. काही देशांत प्रोपोफॉलच्या माहितीपत्रकात प्रसूतीसाठी शिफारस नाही असं छापलेलं असतं. ते वाचून दचकू नका, पण आपल्या विभागाचा लेखी नियम काय आहे ते जरूर बघा.

प्रोपोफॉलची दुखरी बाजू दोन ठिकाणी आहे. ते बीपी पाडतं. टेबल डावीकडे १५ अंश कललेलं, आयव्ही वाहती, आणि बीपी चढवणारं फिनाइलेफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम देण्याइतकं भरून हाताशी, या तयारीनिशी ते सांभाळता येतं. दुसरी बाजू जास्त दगाबाज आहे. प्रोपोफॉल लवकर उतरतं, आणि इंडक्शनचा असर ओसरत असताना वाफेचं औषध मेंदूत अजून चढलेलं नसतं. हा मधला फट असलेला काळ, ट्यूब टाकल्यापासूनची पहिली चार-पाच मिनिटं, नेमका चामडीवर चाकू लागायचा काळ असतो. ट्यूब जाताच सेव्होफ्लुरेन हे वाफेचं औषध सुरुवातीला जोरात उघडा, ताज्या वायूचा प्रवाह वाढवा, नायट्रस ऑक्साइड वायू असेल तर निम्म्याला निम्मं जोडा, आणि डायलवर काय लावलंय ते न बघता श्वासाच्या शेवटी किती येतंय ते बघा. तिथे ०.७ मॅकच्या (मॅक म्हणजे वाफेच्या औषधाचा जोर मोजायचं माप) वर आकडा येईपर्यंत मी दुसऱ्या कशालाही हात लावत नाही. वाफेने गर्भपिशवी सैल पडेल ही काळजी बाळ निघाल्यानंतरची आहे. तेव्हा गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन चालू करा, ओपिऑइड (अफूजातीचं वेदनाशामक) द्या, आणि मग वाफ थोडी उतरवा.

केटामाइनवर जरा थांबते, कारण तुमच्या रात्रपाळीच्या वरिष्ठांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९६२ साली तयार झालेलं हे औषध बीपी टिकवतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि वेदनाही मारतं. दम्याचा झटका चालू असलेली किंवा रक्त वाहून पांढरी पडलेली बाई समोर आली की माझा हात त्याच्याकडेच जातो. नेहमीचा डोस किलोमागे १ ते १.५ मि.ग्रॅ. त्यापुढे, २ मि.ग्रॅ.च्या वर, बाळ सुस्त येऊ शकतं आणि गर्भपिशवीचा ताण वाढतो.

पण "केटामाइन बीपी पाडत नाही" हे वाक्य जपून वापरा. ते बीपी राखतं ते आईच्याच अॅड्रेनलिनच्या जोरावर. तासभर रक्त वाहिलेल्या बाईची ती गंगाजळी संपलेली असते, आणि मग केटामाइनचा हृदयावरचा स्वतःचा दाबणारा परिणाम उघडा पडतो. अशा बाईला मी किलोमागे ०.५ ते १ मि.ग्रॅ. देते, रक्ताची पिशवी लागलेली असताना, आणि इंडक्शननंतर नाडी हाताला लागते का ते मानेतल्या कॅरोटिड धमनीवर बोट ठेवून बघते. दुसरं, केटामाइनने झोप लागल्याचा क्षण ओळखू येत नाही. डोळे उघडे, बुबुळं लुकलुकतायत, थायोपेंटोनपेक्षा थोडा उशीरही लागतो. नवखा माणूस तिला झोपलेली समजून सक्सिनिलकोलीन देतो, किंवा जागी समजून उगाच आणखी केटामाइन देतो. मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली मोजणारं बीआयएस यंत्रही इथे फसवतं, आकडा खाली येतच नाही. शुद्धीवर येताना भासांचा त्रास होऊ शकतो. बाळ निघाल्यावर थोडं मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं तर तो कमी होतो.

आणि जिथे केटामाइन नकोच, ती जागा म्हणजे प्री-एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणातल्या विकाराने बीपी वाढलेली, बाई. तिथे खरा धोका ट्यूब टाकतानाच्या उसळीचा आहे. त्या काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊन आई दगावू शकते. अशा वेळी थायोपेंटोन की प्रोपोफॉल हा वाद मला गौण वाटतो. नुसतं इंडक्शनचं औषध पुरत नाही. आधी लॅबेटालॉलने बीपी खाली आणा, आणि इंडक्शनबरोबर ओपिऑइड, म्हणजे रेमिफेंटानिल किलोमागे १ मायक्रोग्रॅम किंवा अल्फेंटानिल १० मायक्रोग्रॅम द्या. बाळाच्या डॉक्टरांना तसं मोठ्याने सांगून ठेवा, म्हणजे बाळाने श्वास घ्यायला वेळ लावला तर कोणी गोंधळणार नाही. तिला मॅग्नेशियम चालू असेल तर रोक्युरोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर लांबतो, हेही ध्यानात असू द्या.

एटोमिडेटबद्दल फार लिहीत नाही. किलोमागे ०.२ ते ०.३ मि.ग्रॅ. डोसात ते बीपी फारसं हलवत नाही, म्हणून हृदयाची झडप अरुंद असलेल्या बाईसाठी ते कपाटात असावं. एका डोसानेही अॅड्रेनल ग्रंथीचं कॉर्टिसोल बनवणं दबतं, अंगाला झटके येतात, उलट्या जास्त होतात. मिडाझोलामने इंडक्शन करू नका; उशिरा लागतं आणि बाळ लोळागोळा येतं.

आता एक गोष्ट जी औषधांच्या तुलनेत कोणी धरत नाही. प्रसूतीतल्या पूर्ण भुलेत ट्यूब न जाण्याचं प्रमाण साधारण ३९० मध्ये एक आहे. ट्यूब जात नाही, दुसरा प्रयत्न, तिसरा ब्लेड, मास्कने ऑक्सिजन, आणि या धावपळीत पाच मिनिटं जातात. सक्सिनिलकोलीनने बाई हलू शकत नाही, आणि इंडक्शनचा असर मात्र उतरत चाललाय. सगळ्यांचे डोळे ऑक्सिजनच्या आकड्यावर असतात, ती जागी होतेय हे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून इंडक्शनच्या औषधाची दुसरी सिरिंज भरलेली, लेबल लावलेली, ट्रेमध्ये ठेवा आणि ट्यूबच्या दुसऱ्या प्रयत्नाआधी सहकाऱ्याला तिच्यातलं द्यायला सांगा. तिला उठवायचंच ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. इथे प्रोपोफॉलचा साधा फायदा आहे: दुसरी बाटली फोडली की झालं. थायोपेंटोनची पावडर त्या घाईत हलवत बसायला कोणाला वेळ आहे?

थायोपेंटोन वापरणारच असाल तर आणखी तीन गोष्टी. मिसळलेलं थायोपेंटोन आणि मिसळलेलं अँटिबायोटिक दोन्ही २० मिलीच्या सिरिंजमध्ये फिकट पिवळट दिसतात, आणि इंडक्शनच्या जागी अँटिबायोटिक देऊन वर स्नायू सैल करणारं औषध दिल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत. अँटिबायोटिक त्या ट्रेमध्ये ठेवूच नका, ते दुसऱ्या टेबलावर. दुसरं, हे द्रावण इतकं अल्कधर्मी असतं की रोक्युरोनियम किंवा सक्सिनिलकोलीनला भेटलं की नळीतच साका धरतं आणि सलाइन बंद पडू शकतं, तेही नेमकं झोपलेल्या बाईला ट्यूब टाकायच्या क्षणी. मध्ये सलाइनने नळी धुऊन घ्या. तिसरं, सुई शिरेतच आहे याची खात्री करा. धमनीत गेलं तर स्फटिक बनून बोटं काळी पडण्यापर्यंत वेळ येते.

शेवटचं काम दुसऱ्या दिवशीचं. ज्या बाईला पूर्ण भूल दिली तिच्याकडे स्वतः जा, खुर्ची ओढून बसा. "भूल व्यवस्थित होती ना?" असं विचारू नका, ती "हो" म्हणेल. विचारा: झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जाग आल्यावर पहिलं काय आठवतं? मधलं काही आठवतं का? स्वप्न पडलं का? आणि तिने काही सांगितलं तर "भास असेल" असं म्हणू नका. मी त्या ऐंशी किलोच्या बाईला तेव्हा तेच म्हणाले होते. ती गप्प झाली, आणि तिच्या नवऱ्याने मला नंतर सांगितलं की घरी गेल्यावर महिनाभर ती दिवा लावूनच झोपत होती. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा, तुम्ही किती मि.ग्रॅ. दिलं होतं ते वजनासकट खाली लिहा, आणि आठवड्याने पुन्हा भेटायची वेळ ठरवूनच तिच्या खाटेजवळून उठा.